खालची दिशा



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपणांस ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत प्राणिमात्रांवर करुणा करण्याची प्रतिज्ञा आहे. ती विहारात उच्चारून पुरी होत नाही. तिची कसोटी आपल्या कामाच्या जागी लागते.

राजगृहात सिगाल नावाचा तरुण सहा दिशांना नमस्कार करीत असे. भगवान बुद्धांनी त्यास सांगितले की खऱ्या दिशा म्हणजे आपल्या भोवतीची माणसे होत. आणि खालची दिशा म्हणजे कामकरी. धन्याने त्यांना शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळोवेळी विश्रांती द्यावी. कामकऱ्यानेही काम चोख करावे व न दिलेले घेऊ नये.

आपल्या जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला; मागून आणखी कारखाने उभे राहिले. त्यांच्या साखरेमागे ऊसतोड मजुरांचा घाम आहे. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको फडात उतरतात, आणि त्या जोडीला नाव काय, तर 'कोयता'! माणसाला हत्याराचे नाव पडावे, ही काय रीत झाली? तुम्ही त्यांना त्यांच्या नावाने हाक मारा. अंगात ताप असलेल्या बाईची मोळी आपण उचला. नवख्याची चूक चारचौघांत न काढता बाजूस घेऊन सांगा. पाण्याची घागर सर्वांची एकच असू द्या. १९२७ साली महाडला पाण्यासाठी लढलेल्यांच्या वारसांना हे सांगावे लागू नये.

परंतु मैत्री म्हणजे लाचारी नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगारांना धन्याच्या दयेवर सोडले नाही. कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणण्यासाठी त्यांनी कायद्याचाच मार्ग धरला. हक्क मागताना जीभ गोड ठेवता येते. गोड जिभेपायी हक्क सोडता येत नाही.

आणि आपणांपैकी जे मुकादम, कारकून, अधिकारी झाले आहेत, त्यांना एक विनंती. हाताखालच्या माणसाला 'अरे-तुरे' करण्यापूर्वी, गावात आपल्या वडिलांना कोणत्या शब्दांनी हाक मारीत, ते आठवा. तो शब्द आपल्या तोंडून दुसऱ्यासाठी निघाला, तर आपले धर्मांतर अपुरे राहिले असे समजावे.

उद्या कामावर जाताना खालच्या दिशेस विसरू नका.

जयभीम!