पूर्वपक्ष वाचणारे गाव

(धसई येथील वाचनमंडळासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



डिसेंबर 2016 मध्ये मुरबाड तालुक्यातील धसईचे नाव रोकडरहित व्यवहारांचे गाव म्हणून देशभर पोहोचले. एक अनोळखी गोष्ट एकत्र शिकून पाहण्याचे धाडस तेव्हा या गावाने दाखविले. सामूहिक वाचन हेही तसेच धाडस आहे. फरक इतकाच की, येथे कोणते पुस्तक हाती घ्यावे, हा निर्णय प्रथम करावा लागतो.

ग्रंथांचे दुर्भिक्ष ही सबब आता फारशी टिकत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून उभे आहे. अडते ते निवडीपाशी. मंडळे बहुधा कोणालाही न दुखविणारे पुस्तक घेतात, नाहीतर सर्वांच्या ठरलेल्या मताला दुजोरा देणारे. मग चर्चा दहा मिनिटांत आटोपते, माना डोलतात आणि चहा येतो.

भारतीय शास्त्रपरंपरेची रीत निराळी होती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचे. नंतर त्याचे खंडन आणि शेवटी सिद्धांत. पूर्वपक्ष दुबळा करून मांडणाऱ्याचा सिद्धांतही दुबळाच राहतो. वाचनमंडळाने हीच कसोटी लावावी.

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे 1970 सालचे पुस्तक घ्या. डहाणू-तलासरीच्या, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्याच, वारली बांधवांच्या वेठबिगारीची ही कहाणी आहे. लेखिका साम्यवादी चळवळीच्या नेत्या. त्यांचा वर्गसंघर्षाचा निष्कर्ष राष्ट्रीय विचारांच्या वाचकाला पटणार नाही. पटावा अशी अपेक्षाही नाही. परंतु त्यांनी पाहिलेली वेठ नाकारता येत नाही. त्या पाड्यांशी उरलेल्या समाजाचे नाते तेव्हा काय होते, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही उरतो. कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जाताना पाहणाऱ्या मुरबाड-शहापूरच्या वाचकाला तो परका वाटू नये.

सह्याद्रीपलीकडच्या अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार. त्यांचे ‘बलुतं’ 1978 साली आले. गावगाड्याच्या आठवणी सर्वांच्याच गोड नसतात, हे ज्याला समजले नाही, त्याने समरसतेवर बोलताना थोडे थांबावे.

कधी एकाच विषयावरची दोन पुस्तके शेजारी ठेवावीत. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या 1857 वरील ग्रंथावर ब्रिटिश सरकारने तो प्रसिद्ध होण्याआधीच बंदी घातली. तो 1909 मध्ये बाहेर आला. त्यात राष्ट्राच्या संग्रामाचे दर्शन आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळविण्यासाठी उत्तरेत गेले आणि त्याच वणव्यात सापडले. त्यांच्या 1907 साली छापलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये झाशीची लूट आहे आणि एका सामान्य माणसाची भीतीही. एक ग्रंथ इतिहासाचा अर्थ सांगतो, दुसरा त्याची किंमत. दोन्ही वाचल्याने झाशीच्या राणीविषयीचा आदर कमी होत नाही; तो अधिक जाणता होतो.

तेव्हा निवडीच्या वेळी तीन प्रश्न विचारावेत. या पुस्तकातील प्रश्न गावाच्या जगण्याला भिडतो का? त्यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो का? आणि शेतकरी घरातील सुनेला ते महिन्याभरात वाचून होईल का? भातलावणीच्या दिवसांत जाडजूड ग्रंथ सुचविणे म्हणजे स्त्रियांना बैठकीतून वगळणेच होय.

निवडीचा मान आळीपाळीने घरोघर फिरावा. तो गुरुजींकडे किंवा कार्यकर्त्यांकडे कायमचा राहू नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रकट वाचन करावे. श्रावणात एकाने पोथी वाचायची आणि साऱ्यांनी ऐकायची, ही सवय गावोगाव आहेच. आणखी एक नियम असावा: पुस्तकाशी असहमत असणाऱ्याने बोलण्याआधी लेखकाचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगावे. लेखकाचा चाहताही ‘हो, असेच आहे’ म्हणाला, की मग खंडन सुरू करावे.

निवडणुकीच्या दिवसांत गावे दुभंगतात, भाऊ भावाशी बोलत नाही. विरुद्ध मताचे पुस्तक शांतपणे ऐकून घेण्याचा सराव ज्या घरांना आहे, त्यांना विरुद्ध मताचा शेजारीही ऐकता येतो. हिंदू समाजाच्या संघटनेला याहून पक्का पाया कोणता? पहिले पुस्तक धसईकरांनी आजच ठरवावे. ते सर्वांना आवडलेच पाहिजे असे नाही. सर्वांनी शेवटपर्यंत वाचावे एवढे मात्र पाहावे.