चार मापांची होडी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



“तुझ्या त्या होडीबद्दल थोडं बोल,” असं संयोजकांनी सांगितलं. एवढ्या वेळात होडी चालवायला शिकवता येणार नाही. मोजायला मात्र शिकवता येईल. त्यासाठी लागणारं गणित आपण इथंच शिकलोय: पाया गुणिले उंची, भागिले दोन.

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एक जुनी ‘कॅटालिना २२’ चालवते. फ्रँक बटलर यांनी आखलेली ही साडेएकवीस फुटी होडी. आत झोपायची सोय आहे, म्हणून हिला क्रूझर म्हणायचं.

हिला दोन शिडं, आणि त्यांची चार मापं. डोलकाठीवर मोठ्या शिडाला मिळणारी उंची म्हणजे पी. खालच्या आडव्या दांड्यावर, म्हणजे बूमवर, मिळणारी लांबी म्हणजे ई. डेकपासून पुढचं शीड चढवायच्या दोरीपर्यंतची उंची म्हणजे आय. आणि डोलकाठीपासून नाळेवरच्या तारेपर्यंतचं अंतर म्हणजे जे. आमच्या होडीत पी २१ फूट, ई सुमारे ९.७, आय सुमारे २५.८ आणि जे ८. करा गुणाकार: मागचा त्रिकोण सुमारे १०१ चौरस फूट, पुढचा १०३.

आता गंमत अशी, की ही मापं शिडाची नाहीतच. ती शिडाला मिळणाऱ्या जागेची आहेत. मागचं शीड या जागेपेक्षा जरा आखूड शिवावं लागतं, कारण कापड ताणलं जातं आणि ते ताणायला वर जागा उरावी लागते. शिवाय जुन्या होडीत आधीच्या मालकानं काय बदललंय, कोण जाणे. म्हणून नवी शिडं घ्यायची ठरली तेव्हा छापील आकड्यांवर विसंबलो नाही. टेपचं टोक दोरीला बांधून डोलकाठीवर चढवलं, मुलीनं खाली आकडा वाचला, मी लिहून घेतला.

खरा प्रश्न पुढच्या शिडाचा होता. ते किती मोठं, हे ‘जे’च्या टक्क्यांत सांगतात. दीडशे टक्क्यांचं शीड डोलकाठीच्या बरंच मागे येतं. आमच्या होडीत ते जवळजवळ १६० चौरस फूट होतं. शंभर टक्क्यांचं साधारण १०५. मंद वाऱ्यात मोठं शीड सुरेख पळवतं, आणि दुकानात तेच डोळ्यांत भरतं.

पण आमच्या खाडीत उन्हाळ्यात आतला प्रदेश तापतो, समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत घुसते, आणि दुपारी २० ते २५ नॉट वारा सुटतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो. सकाळच्या १० नॉटचे दुपारी २० झाले, की त्याच शिडावर चौपट जोर. होडी एका कुशीवर कलते, सुकाणू जड होतं, आणि नाळेवर जाऊन मोठं शीड उतरवणं हे डोलत्या, ओल्या डेकवर करायचं काम असतं. आमच्या होडीवर माणसं दोनच: मी आणि मुलगी. तिच्यापैकी कुणी नाळेवर जायचं, हा प्रश्न मला पाण्यावर सोडवायचा नव्हता. तो टेबलाशी बसूनच सोडवला. एकशेदहा टक्क्यांचं शीड सांगितलं, आणि मोठ्या शिडाला रीफच्या दोन ओळी; म्हणजे वारा वाढला की ते थोडं खाली घेऊन उरलेलं कापड बूमला बांधता येतं.

शीड कमी करावं का, असा विचार पहिल्यांदा मनात येतो तीच कमी करायची वेळ, असं दर्यावर्दी सांगतात. हा नियम मुलीला पाठ आहे. “आई, वाटायला लागलंय,” एवढंच ती म्हणते, आणि मी दोरी हातात घेते.

सकाळच्या मंद वाऱ्यात बाकीच्या होड्या आम्हाला मागे टाकतात. टाकू देत. दुपारी आम्ही दोघी अजून पाण्यावर असतो, होडी सरळ असते आणि डबा उघडलेला असतो.

गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, त्रिकोण उपयोगी पडला.