खेळातून सुटलेले कोडे



संगणकावरील खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे घरोघरी म्हटले जाते आणि पुष्कळ खेळांबाबत ते खोटेही नाही. मुलगा नेमका कोणता खेळ खेळतो आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

अमेरिकेत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ साली ‘फोल्डिट’ नावाचा खेळ सर्वांसाठी खुला केला. प्रथिनाची साखळी दुमडून जो आकार घेते, त्यावर तिचे कार्य ठरते. खेळाडूने पडद्यावर ती साखळी वळवायची, दुमडायची. रचना जितकी स्थिर, तितके गुण अधिक. फसले, तर पुन्हा मांडायचे. हा चिवटपणा कोणत्या शिकवणीत मिळतो?

माकडांना एड्ससदृश रोग जडवणाऱ्या एका विषाणूच्या विकराची रचना दशकाहून अधिक काळ शास्त्रज्ञांना हुलकावणी देत होती. २०११ साली खेळाडूंनी अवघ्या तीन आठवड्यांत तिचा असा नमुना सिद्ध केला की, त्याच्या आधारे शास्त्रज्ञांना खरी रचना निश्चित करता आली. बहुतेक खेळाडूंचा जीवरसायनशास्त्राशी फारसा संबंधही नव्हता! एकाने अर्धवट सोडलेली रचना दुसऱ्याने पुढे नेली होती. शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा शास्त्रज्ञांच्या नावांसोबत खेळाडूंचे गटही लेखक म्हणून नोंदले गेले.