बंडीची धाव आणि इंजिनिअरची पदवी



शेतकऱ्याच्या व कारागिराच्या मुलांनीं यंत्रविद्या विद्यापीठांत जाऊन शिकावी, एवढेंच सांगण्यास आम्ही उभे आहोंत. पदवीचे गोडवे गाण्यास नव्हे.

आपल्या वर्धा मुलखांत बंडीच्या चाकावर धाव चढवितांना वडीलधाऱ्यांनीं पाहिलें आहे. सुतार आरे बसवून लाकडी चाक करी. लोहार धाव मुद्दाम किंचित् आंखूड ठेवी, गोंवऱ्यांच्या आगींत लाल करी, आणि चाकावर बसवितांच वर पाणी ओती. लोखंड आवळलें कीं चाक घट्ट. ना खिळा, ना डिंक. हीच गोष्ट कॉलेजांत ‘श्रिंक फिट’ म्हणून शिकवितात. लोखंड १०० अंश तापलें तर दर मीटरला सुमारें १.२ मिलिमीटर वाढतें. म्हणजे ४ मीटर घेराची धाव ५०० अंश तापविली तर जवळ जवळ एक इंच वाढली. किती आंखूड ठेवली तर चाक फुटणार नाहीं, हें लोहाराच्या नजरेंत असे. इंजिनिअर तें कागदावर काढतो. फरक एवढाच! पण एवढ्या फरकानें एकाला महिन्याचा पगार, आणि दुसऱ्याला सुगीला पायलीभर ज्वारी, तीहि मागून मागून.

हा कागद आमच्या हातीं कां आला नाहीं? पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग व मेकॅनिकल स्कूल १८५४ सालीं निघालें. १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें साफ सांगितलें कीं, सरकारी महसूल रयतेच्या घामाचा आणि वरच्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाचा. हिंगणघाटला गिरणी निघाली, पुलगांवला निघाली. कापूस आमचा, गांठी उचलणारी पाठ आमची; यंत्राचा हिशेब दुसऱ्याच्या वहींत. आम्ही मात्र खंडेनवमीला घणाला हळद-कुंकू वाहून मोकळे! एक दिवस पूजा करा, आमची ना नाहीं. पण उरलेले दिवस पोराला त्रिकोणमिति येते कीं नाहीं तें पाहा. गणितांत कच्चा राहिलेला मुलगा या विद्येच्या उंबऱ्यावरच अडतो.

कोणी म्हणेल, आतां सारीं पोरें कॉम्प्युटरकडे धांवतात, लोखंडाला कोण विचारतो? त्यांना आम्ही कपाशीच्या शेतांत नेऊं. आजहि वेंचणी बायांच्या बोटांवर चालली आहे. परदेशचीं वेंचणी-यंत्रें अफाट सपाट शेतांसाठीं, एकदम फुटणाऱ्या बोंडांसाठीं केलेलीं. आमच्या पांच एकरांत बोंडें मागेंपुढें फुटतात. तिथें चालेल असें स्वस्त यंत्र कोण काढील? ज्याच्या आईचीं बोटें बोंडांच्या टोकांनीं फाटलीं, त्याला तें लवकर सुचेल असें आम्हांस वाटतें. मात्र त्यासाठीं त्याला बलविज्ञान व धातुशास्त्र यावें लागेल. नुसत्या कळवळ्यानें यंत्र फिरत नाहीं.

आतां वाट सांगतों. बारावीस भौतिकशास्त्र व गणित घेऊन राज्याची सीईटी द्यावी, ही एक. दुसरी आमच्या घरांना अधिक सोयीची: दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. मधेंच पैसा संपला तरी हातांत डिप्लोमा राहतो. सेवाग्रामला १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे. कोणतेंहि कॉलेज निवडा, पण आधीं कर्मशाळा पाहा. लेथवर धूळ असेल तर बाहेरची रंगीत कमान कशाला पाहतां?

आणि मुलींना मागें ठेवूं नका. भाता ओढून ओढून जिनें संसार केला, त्या लोहारणीच्या लेकीला यंत्र कळत नाहीं असें कोण म्हणेल? ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास व आर्थिक दुर्बल घरांतील मुलींची शिक्षण व परीक्षा फी सरकारनें जुलै २०२४ च्या निर्णयानें पूर्ण माफ केली. पण प्रवेश सरकारी फेरींतून हवा. व्यवस्थापन कोट्याची जागा घेतली कीं सवलत गेली. दलाल हें सांगत नाहीं.

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात-पडताळणी हे कागद आजच टाका. प्रवेश सुरू होतात तेव्हां तुमच्या हातीं तिफन असते, आणि तहसिलीच्या दारांत रांग.