आधी वैरण, मग डबा

(सारंगखेडा येथे भरलेल्या अश्वपालकांच्या परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



तापीकाठच्या या गावात एकमुखी दत्ताच्या यात्रेत भरणारा घोडेबाजार आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून पाहिला आहे. मारवाडी, काठियावाडी, नुकरा अशी देखणी जनावरे बघायला माणसे लांबून येतात. घेणारा दात बघतो, भोवरे बघतो, कानांची ठेवण बघतो, चाल करून दाखवायला सांगतो. हा घोडा गेले सहा महिने काय खात होता, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. म्हणूनच यंदा आम्ही चर्चेला एकच विषय घेतला आहे: घोड्याच्या आहारातले अँटिऑक्सिडंट आणि त्या नावाखाली विकले जाणारे डबे, पुड्या, इंजेक्शने.

घोडा चौखूर सुटला की त्याची प्लीहा साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. विश्रांतीच्या वेळी रक्तात चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेले त्यांचे प्रमाण साठीच्या पुढे जाते. उभ्या घोड्याला लागतो त्याच्या तीस-चाळीस पट प्राणवायू पळणारा घोडा वापरतो. एवढा प्राणवायू जळताना काही फार उतावळे कण तयार होतात आणि ते स्नायूंच्या पेशींच्या आवरणावर तुटून पडतात. ई जीवनसत्त्व त्या आवरणातच वसलेले असते. ते हल्ला स्वतःवर घेते. सेलेनियम ज्याचा घटक आहे ते एन्झाइम मागाहून उरलेसुरले निपटते. अशा रक्षकांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. नियमित, हळूहळू वाढवत नेलेल्या मेहनतीने घोड्याची ही यंत्रणा आपोआप सुधारते, हेही लक्षात असू द्या. आठ महिने दावणीला उभे ठेवून यात्रेआधी पंधरा दिवस पिदडलेल्या घोड्याला कोणताही डबा तारणार नाही.

क जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात सांगतो. घोडा ते स्वतःच्या यकृतात तयार करतो, त्यामुळे निरोगी घोड्याला आवळ्याच्या चूर्णावर पैसे घालवण्याचे कारण नाही. फुप्फुसाचा जुना विकार असलेल्या किंवा फार वय झालेल्या जनावराचा विचार वेगळा, आणि तो पशुवैद्यकानेच करावा.

ई जीवनसत्त्व मात्र घोड्याला बनवता येत नाही. ते हिरव्या पाल्यातून येते. गवत कापून वाळवले की त्यातले तीस ते ऐंशी टक्के नष्ट होऊ शकते, आणि गंजीत पडून राहिले की आणखी घटत जाते. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात बांधावर चरलेला घोडा यकृतात आणि चरबीत थोडी शिल्लक बाळगून असतो. ती हिवाळ्यात पुरते. फाल्गुनापासून पहिल्या पावसापर्यंत ज्याच्यापुढे फक्त कडबा आणि तोबऱ्यात हरभऱ्याची चंदी पडते, त्याची शिल्लक संपत आलेली असते. नेमकी त्याच काळात घोडी गाभण असेल, तर पोटातल्या शिंगराला आणि पुढे चिकातून मिळणारा वाटाही कमी पडतो. ई आणि सेलेनियम दोन्ही कमी असतील तर शिंगराचे स्नायू पांढरे पडतात, त्याला उठता येत नाही, आचळ ओढता येत नाही.

मोठ्या घोड्यातही ही कमतरता भयंकर रूप घेऊ शकते. १९९० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी घोड्यांच्या चेतापेशी मरण्याचा एक आजार प्रथम नोंदवला. हिरवा चारा दीर्घकाळ न मिळालेल्या घोड्यांत तो आढळला. असा घोडा भूक शाबूत असूनही वाळत जातो, उभ्या उभ्या थरथरतो, चारही पाय पोटाखाली गोळा करतो, सारखा एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतो. आपण त्याला अशक्तपणा म्हणतो आणि तूप वाढवतो.

तूप-बदामाचा विषय निघालाच आहे, तर हिशेब मांडूनच टाकू. सर्वसाधारण घोड्याला किलो वजनामागे ई जीवनसत्त्वाचे एक आंतरराष्ट्रीय एकक रोज लागते, कडक मेहनतीच्या घोड्याला दोन. म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला चारशे ते आठशे एकके. शंभर ग्रॅम बदामात जेमतेम अडतीस एकके भरतात. आपण प्रेमाने चारतो त्या वीस बदामांतून नऊ-दहा एककेच मिळतात. प्रेमाला माझा विरोध नाही, पण त्याच पैशांत लसूणघासाच्या किती पेंढ्या येतील ते बघा. आणि अंगाला चकाकी यावी म्हणून चंदीत तेल वाढवणार असाल, तर ई जीवनसत्त्वाची गरजही वाढते हे विसरू नका.

हिरवे मिळतच नसेल, तर डबा घ्यावा, जरूर घ्यावा. पण मागचे बारीक अक्षर वाचून घ्यावा. नुसते 'डी-अल्फा' लिहिलेले असेल तर ते नैसर्गिक रूप, घोड्याच्या अंगी लवकर लागते. 'डीएल-अल्फा' म्हणजे कृत्रिम. ते कमी लागू पडते. चंदीसोबत द्यावे, उपाशीपोटी नको. गरजेच्या दहापट देऊन जास्त फायदा झाल्याचे दिसलेले नाही. उलट बीटा-कॅरोटिनच्या शोषणात अडथळा येण्याची शक्यता असते. तीच गोष्ट रक्तवाढीच्या टॉनिकांची. वैरणीतून घोड्याला लोह भरपूर मिळते. वरून ओतलेले जादा लोह ते उतावळे कण वाढवायलाच मदत करते.

सेलेनियमविषयी मात्र मी हात जोडून विनंती करतो. चारशे किलोच्या घोड्याची किमान गरज दिवसाला एक मिलिग्रॅमच्याही आत आहे, आणि गरज व विष यांतली पट्टी अरुंद आहे. २००९ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या वेलिंग्टन इथे एका मोठ्या पोलो स्पर्धेत व्हेनेझुएलाच्या संघाचे एकवीस घोडे सामन्याच्या तोंडावर कोसळले आणि मेले. ताकदीसाठी टोचलेल्या औषधात सेलेनियमची मात्रा चुकून फार जास्त पडली होती. उत्तम निगा राखलेली, निरोगी जनावरे होती ती.

आपल्या बाजारापुरते हे आणखी जवळचे आहे. पंजाबातल्या होशियारपूर आणि नवांशहर भागात काही जमिनींत सेलेनियम मुळातच इतके आहे, की तिथला चारा खाऊन गुरांचे केस झडतात, खूर तडकतात. दुसरीकडे कुठे जमिनीत ते कमी असते. पंजाबातून आलेला घोडा आणि आपल्या बांधावर वाढलेला घोडा शेजारी शेजारी बांधलेले असतात, आणि दोघांना एकाच पुडीतला एकच चमचा दिला जातो. आयाळ-शेपटी विरळ झालेली, खुराच्या वरच्या कडेला आडवी चीर पडलेली दिसली, तर पुडी आधी बंद करा आणि रक्त तपासून घ्या.

लांबून ट्रकने जनावरे आणणाऱ्या पाहुण्यांना एक आग्रहाची सूचना. प्रवासाचा ताण स्वतःच हे उतावळे कण वाढवतो. त्यात डोके उंच, आखूड बांधले की घोड्याला मान खाली घालून श्वासनलिका साफ करता येत नाही आणि फुप्फुसात जंतू शिरतात. दर काही तासांनी ट्रक थांबवा, दोर सैल करा, पाणी दाखवा, कडब्याची धूळ झटकून किंवा भिजवून घाला. याला एक पैसा लागत नाही, आणि महागड्या इंजेक्शनापेक्षा मला याचाच भरवसा जास्त आहे.

या परिषदेकडून आम्हा यजमानांची अपेक्षा साधी आहे. व्यासपीठावरच्या तज्ज्ञांनी मोतद्दाराला कळेल अशा भाषेत बोलावे, कारण तोबरा तोच भरतो. आज पुढच्या रांगा आम्ही मुद्दाम मोतद्दारांसाठी ठेवल्या आहेत. आपल्या तापीकाठी पाण्याची सोय आहे. ज्यांच्याकडे अर्धा एकर बागायत आहे त्यांनी लसूणघास कसा आणि कधी लावावा, यावरही दुपारी बोलणे होईल.

भोजन मंडपाशेजारच्या टेबलावर वैरणीचे आणि रक्ताचे नमुने घेतले जातील. घोड्याचे वय, काम आणि सध्या चालू असलेल्या पुड्यांची नावे कागदावर लिहून आणा; रिकामे डबे असतील तर तेही आणा, म्हणजे त्यांवरचे आकडे तज्ज्ञांना जुळवून बघता येतील. आता मी अध्यक्ष महोदयांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो.