टायरवरचे आकडे वाचायला शिकूया

आज आम्ही पापड-लोणच्यांबद्दल बोलणार नाही, गाडीच्या टायरबद्दल बोलणार आहोत. बायकांना टायरचं काय करायचंय, असं कुणाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटायचं. पण गाडीत बसतो आपण, लेकरांना बसवतो आपण, आणि गाडीसाठी कर्ज मागितलं की त्या ठरावावर सहीही आपलीच असते.

आमचा बचत गट वाशिम जिल्ह्यातला. गटातल्या एका ताईच्या मुलाची सात आसनी गाडी आहे, जुनी, २०१३ सालची. तो रोज तालुक्याला भाडं मारतो. नागपूरला प्रदर्शन असलं की आम्ही त्याच्याच गाडीने कारंज्याहून समृद्धी महामार्गाने जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही सहा जणी असंच निघालो. वर कॅरिअरवर लोणच्याच्या बरण्या आणि कुरडयांची पोती. भर दुपारी मागचा टायर फुटला. गाडी झोकांडली, दोन क्षण सगळ्यांचा श्वास अडकला. मुलाने घाबरून ब्रेक दाबला नाही. स्टेअरिंग घट्ट सरळ धरलं, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढला आणि गाडी डाव्या कडेला घेतली. म्हणून आज आम्ही तुमच्याशी बोलतोय.

पुढच्याच बैठकीत ताईने कर्जाचा अर्ज दिला. ५८ हजार रुपये. चार नवीन टायर आणि सोबत चार मोठी चकाकती मॅगव्हील. मुलाचं म्हणणं, "रेसिंगच्या गाड्यांना अशीच चाकं असतात, पकड चांगली मिळते." अपघात होता होता वाचलेला, त्यामुळे नाही कोण म्हणणार? पण आमच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, "आधी टायर का फुटला ते कळू द्या, मग पैसे."

मग आम्ही चौघी त्या मुलाला घेऊन टायरच्या दुकानात गेलो. तिथल्या मिस्त्रीकाकांनी फुटलेला टायर उलटा करून दाखवला. खाचा तर खोल होत्या, टायर नवाच वाटत होता. पण बाजूला लांबट चौकटीत चार आकडे होते, ३११३. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१३ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. तो गाडीची स्टेपनी म्हणून अकरा वर्षं पडून होता. पंक्चर झालं म्हणून महिन्यापूर्वी लावला होता. रबर न वापरताही जुनं होतं, कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षं झाली की खाचा कितीही चांगल्या दिसल्या तरी बदलावा, असं टायर बनवणाऱ्या काही कंपन्याच सांगतात.

दुसरी चूक हवेची. "उन्हाळा आहे, हवा कमीच ठेवा, नाहीतर फुटेल," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. खरं आहे ते उलटं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि परत उठते. लोखंडी तार सारखी वाकवली की गरम होते ना, तसंच रबर तापतं. आम्ही हिशोब करून पाहिला. त्या गाडीचं चाक एका फेऱ्यात जवळजवळ दोन मीटर जातं. ताशी ४० किलोमीटरने चाललं तर सेकंदाला पावणेसहा फेरे. समृद्धीवर छोट्या गाड्यांना ताशी १२० ची मर्यादा आहे, त्या वेगाने सेकंदाला सतरा फेरे. गावच्या रस्त्यावर कमी हवेने चालून जातं, ते तिथे चालत नाही. त्यात आम्ही पोती लादलेली. म्हणजे चूक एकट्या मुलाची नव्हती, आमचीही होती.

हवा किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. भरल्या गाडीसाठी वेगळा, जास्त आकडा असेल तर तोच घ्यायचा. सकाळी, टायर थंड असताना तपासायची. चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, तो बघून हवा सोडायची नाही.

आता त्या मॅगव्हीलचं. टायरवर लिहिलं होतं १८५/६५ आर १५, पुढे ८८ एच. १८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे बारा सेंटीमीटर. १५ म्हणजे रिम पंधरा इंची. ८८ हा वजनाचा खुणेचा आकडा, त्याचा अर्थ एका टायरवर ५६० किलोपर्यंत. एच हे वेगाचं अक्षर. मुलाने पसंत केलेली चाकं सोळा इंची होती आणि त्यांच्या टायरवर १९५/५५ आर १६ आणि ८७ लिहिलं होतं. बाजू झाली पावणेअकरा सेंटीमीटर आणि वजन ५४५ किलो. म्हणजे पैसे जास्त मोजून वजन पेलायची ताकद कमी! आणि रिम व खड्डा यांच्यामधली रबराची गादीही पातळ. आमच्या गावचा रस्ता तुम्ही पाहिलाच आहे. मिस्त्रीकाका म्हणाले, "वाकलेल्या रिमा माझ्याकडे पावसाळ्यात रोज येतात."

मुलाचं तरी मन मानेना. त्याचा मावसभाऊ चेन्नईला नोकरी करतो. तिथे श्रीपेरुंबुदूरजवळ शर्यतीचा ट्रॅक आहे आणि हा भाऊ रोजची गाडी घेऊन तिथे शिकायला गेला होता. त्यालाच फोन लावला. तो म्हणाला, "अरे, नवशिक्याला तिथेसुद्धा साधी रिम आणि रस्त्याचे चांगले टायरच बरे. आधी टायर, ब्रेक आणि चाकाचे नट बघायचे. शर्यतीचे मऊ टायर लवकर झिजतात, पावसात घसरतात. ते चुका झाकतात आणि सुटले की एकदम सुटतात. साधा टायर आधी कुरकुर करून सांगतो." हे ऐकल्यावर मुलगा गप्प झाला.

मग उरलेले टायर पाहिले. पुढचे दोन २०२१ चे, चांगले. मागचा दुसरा मात्र झिजलेला. खाचेच्या तळाशी मधेमधे रबराचा उंचवटा असतो, टायर झिजून त्याच्या बरोबरीला आला की खाच १.६ मिलिमीटरच उरली असं समजायचं. त्याखाली गेलेला टायर कारला कायद्यानेही चालत नाही. खाचाच पावसाचं पाणी बाहेर काढतात, म्हणून आम्ही तिथवर थांबत नाही. झिजलेल्या टायरला खाचा कोरून कुणी स्वस्तात देत असेल, तर घेऊ नका.

शेवटी काय घेतलं? मागे दोन नवीन टायर आणि एक नवी स्टेपनी, आहे त्याच मापाचे. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून १७ हजार. नवी जोडी मागेच का? ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते, ती सावरणं फार अवघड. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळून घेतले. गटाने १७ हजारांचं कर्ज मंजूर केलं, आणि कॅरिअरवर पोती घालणार नाही असा ठरावही लिहिला. माल आता एसटीने जातो.

ताई आधी थोडी नाराज होती. मुलाची हौस राहिली म्हणून. पण हप्ता लहान आहे, तो वेळेवर येतो, आणि मुलगा आता स्वतःच दर पंधरा दिवसांनी हवा तपासतो.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला एक काम करा. दारात उभी असेल ती गाडी बघा, मग ती स्कूटी असो, शाळेची व्हॅन असो की भाड्याची जीप. बॅटरी लावून टायरवरचे ते चार आकडे शोधा. आठवडा आणि वर्ष वहीत लिहा. स्टेपनी विसरू नका. आणि लेकरू ज्या व्हॅनने शाळेत जातं तिचा टायर गुळगुळीत दिसला, तर चालकदादाला नीट विचारा. विचारायचा आपल्याला हक्क आहे.