आजारपणातली गोधडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आरोग्य आणि आपण' असा विषय छापलाय. पण आरोग्यावर बोलायला आपल्यात डॉक्टर मंडळी बसलीत, तो त्यांचा अधिकार. मी प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेली बाई. मी आजारपणावर बोलते, त्याचा अनुभव आहे. त्यातही औषधांवर नाही. आजारातून उठताना, ऐन थंडीत, हातानं काही करत बसण्यात जी मजा आहे, तिच्यावर चार शब्द बोलणार आहे. 'मजा' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय.

मागच्या दिवाळीच्या आधी आपल्याकडे चिकनगुन्यानं काय धुमाकूळ घातला ते सगळ्यांना आठवत असेल. बी विंगमध्ये तर घरटी एक माणूस अंथरुणात. हा शब्द मूळचा आफ्रिकेतला. १९५२-५३ साली टांझानियात साथ आली होती, तिथल्या माकोंडे लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ 'वाकून जाणं' असा होतो. आपल्याकडे काही जण लंगडा ताप म्हणतात. ज्यांना झाला त्यांना दोन्ही नावं पटतील. ताप पाच दिवसांत गेला, सांधे मात्र राहिले. माझे बोटांचे सांधे धरले. सकाळी मूठ वळायची नाही. भाकरी थापणं सोडाच, ब्लाऊजचे हूक लागायचे नाहीत. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलायचा.

त्यात थंडी. फाट्यावरची थंडी तुम्हाला मी काय सांगू? चौकात कांद्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर टायर जाळून शेकत बसतात, तेव्हा आपण समजायचं की पारा उतरला. पहाटे फिरायला जावं, सांधे मोकळे करावेत, असं सगळे सांगतात. पण सोसायटीच्या मागे ऊस, आणि उसात कोण राहतं ते आपल्या तालुक्यात शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. उजाडल्याशिवाय आणि अंधार पडल्यावर बाहेर पडायचं नाही, हा बिबट्यानं घालून दिलेला नियम. तेव्हा खोली, खिडकी, टीव्ही आणि मोबाईल.

दुखण्याचं मला फारसं काही वाटलं नाही, ते गोळीनं कमी व्हायचं. जड गेलं ते निराळंच. आजारी माणूस दिवसभर फक्त घेत असतो. चहा कुणी आणून द्यायचा, गोळी कुणी हातावर ठेवायची, केस सूनबाईंनी विंचरायचे. घरातली सगळी प्रेमानं करतात, तक्रार नाही. पण आपल्याकडून कुणाला काहीच लागत नाही, ही गोष्ट महिना-दीड महिना सोसणं अवघड जातं. टीव्हीनं वेळ जातो, पण टीव्हीला आपली गरज नसते.

मार्गशीर्षात थंडी वाढली तेव्हा ह्यांनी माळ्यावरची ट्रंक उतरवली आणि सासूबाईंची गोधडी काढली. आता हे माळ्याचं मी सांगायला नको. पंचवीस वर्षांपूर्वी आपण बेल्ह्याहून, राजुरीहून, ओतूरहून, कुणी कुठून फाट्यावर राहायला आलो. येताना प्रत्येकाच्या टेम्पोत एक पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेत गोधड्या. फ्लॅटमध्ये गाद्या आल्या, मग ब्लँकेटं आली, आणि गोधड्या माळ्यावर गेल्या. मला वाटतं, आपल्या सगळ्या माळ्यांवर मिळून अख्ख्या फाट्याला पुरतील इतक्या गोधड्या आहेत. काढून बघा.

आमची गोधडी कडेनं फाटली होती. फाटक्या जागेतून आत दुसरी गोधडी दिसत होती. जुन्या बायका जीर्ण गोधडी टाकायच्या नाहीत, तिच्यावर नवं कापड घालून पुन्हा दोरा भरायच्या. मी बसल्या बसल्या त्या कडेचा दोरा ओढला. तो सहज निघाला, कुजलाच होता. मग दुसरा. टाके उसवायला जोर लागत नाही, बोटं मात्र हलतात. फिजिओथेरपीच्या ताईंनी मला स्पंजचा चेंडू दिला होता, दिवसातून तीनदा दाबायला. तो मी दोन मिनिटांत ठेवून द्यायचे. गोधडी उसवताना अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही.

आणि उसवता उसवता काय निघालं! वर सासूबाईंचं हिरवं इरकली लुगडं, ते मी ओळखलं. त्याखाली मामंजींची धोतरं. त्याखाली एक जांभळं, चौकड्याचं, ते कुणाचं ते ह्यांनाही सांगता येईना. बहुतेक आजेसासूबाईंचं. आणि सगळ्यात मधे खाकी कापडाचा तुकडा, खिशासकट. हे बराच वेळ तो हातात घेऊन बसले. म्हणाले, "ही माझी चौथीतली चड्डी." माझ्या सासूबाईंना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. त्या कधी फार बोलायच्या नाहीत. पण नऊवारी लुगडं झिजलं की त्याचा पदर कुठं लावायचा, काठ कुठं, कुणाचं कापड कुणाच्या अंगाला लागेल, हे सगळं त्यांनी ठरवून केलेलं होतं. चड्डी मधोमध होती, सगळ्यात उबदार जागी. त्यांनी ती मुद्दाम तिथं घातली होती की कसं, ते आता कोण सांगणार?

जुनं मोडून त्यातून नवं काढायची आपल्या तालुक्याला तशी पूर्वीपासूनच सवय आहे. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता, मराठेशाहीतली मोडी लिहिलेली कागदपत्रं 'जुन्नरी' कागदावर असायची. चिंध्या-गोणपाटांचा लगदा करून कागद करणारे कारागीर जुन्नर शहरात पिढ्यान्‌पिढ्या होते. मुलांना सहलीला शिवनेरी दाखवतो तेव्हा आपण गडाच्या पायथ्याचं हे सांगत नाही, सांगायला पाहिजे.

असो. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, सुई धरू का? ते म्हणाले, सूज असेल तोवर नाही. सूज उतरली की धरा, पण पंधरा-वीस मिनिटं, मग विश्रांती. दुखलं तर थांबायचं. हे मी तुम्हालाही तसंच सांगते, आपापल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

सूज उतरायला पौष उजाडला. खरं म्हणजे गोधडीचा हंगाम उन्हाळ्यातला, रानातली कामं आटोपली की. पण आजारी माणसाला कसला हंगाम? आधी कोमट पाण्यात हात बुडवायचे, मग गॅलरीत ऊन आलं की बसायचं. गोधडीची सुई चांगली लांब आणि जाड असते, ते एक बरं. पण चार थरांतून ती ओढून काढायला चिमटीत जोर लागतो, आणि तोच नव्हता. तेव्हा सूनबाईंनी युक्ती काढली. नातवाच्या वाढदिवसाचा फुटका फुगा होता, त्याचा तुकडा कापून दिला. रबरात सुई धरली की घसरत नाही. ही युक्ती लिहून ठेवा, संधिवात असलेल्यांना उपयोगी आहे.

पहिल्या दिवशी चार टाके घातले. चार! प्रत्येक बोटभर लांब आणि वाकडा. आठवड्यानं वीतभर ओळ झाली. महिन्यानं दोन ओळी एका बैठकीत. ती गोधडी मी आज इथं आणली आहे, नंतर हातात घेऊन बघा. या कोपऱ्यातले टाके बघितले की पहिलीतल्या मुलाची पाटी आठवेल. तिथून आत आत येत गेलात की टाका लहान होतो, ओळ सरळ होते. दवाखान्याच्या फाईलमध्ये माझे सगळे रिपोर्ट आहेत, पण माझा हात कोणत्या आठवड्यात किती सुधारला हे मला या कापडावर जास्त नीट वाचता येतं.

गोधडीनं मी बरी झाले असं मी म्हणणार नाही. औषधं होती, आणि हा ताप बहुतेकांचा महिन्या-दोन महिन्यांनी आपसूक ओसरतोच. पण हातकाम आणि आजार यांचं नातं मी काही नव्यानं शोधलेलं नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांना टोपल्या विणायला, मागावर बसायला लावायचे, त्यातून त्याचं शास्त्र उभं राहिलं. त्याला आपल्याकडे व्यवसायोपचार म्हणतात, ऑक्युपेशनल थेरपी. ते भारतात आणलं कमलाबाई निंबकरांनी. या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. १९३० साली इकडे आल्या, विष्णुपंत निंबकरांशी लग्न केलं, पुढं परत जाऊन हे शिक्षण घेतलं, आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं व्यवसायोपचार विद्यालय सुरू केलं. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावानं आहे. शिक्षिका म्हणून शाळेचं नाव मला माहीत होतं, पण बाईंचं काम मला या आजारपणात नीट कळलं.

आणि तिकडे फ्रान्समध्ये मातीस नावाचा मोठा चित्रकार. १९४१च्या जानेवारीत त्याच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, पुढे उभं राहून रंगवणं जमेना. तर हा गृहस्थ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत बसून कात्रीनं रंगीत कागद कापत बसला, आणि त्या कापलेल्या कागदांचीच त्यानं मोठमोठी चित्रं केली. आमच्या शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला एवढी प्रतिष्ठा मिळालेली मी पहिल्यांदाच ऐकली.

आता बंधूंना वाटत असेल, हे सगळं बायकांचं. तर आपल्या तळमजल्यावरचे दादा. नाव घेत नाही, ते समोरच बसलेत आणि आत्ताच लाजायला लागलेत. एसटीत आयुष्य गेलं, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावा हात मंद झाला. माझी गोधडी बघून म्हणाले, "बाई, सुई आपल्याला जमणार न्हाई, पण लहानपणी बैलांच्या म्होरक्या वळल्यात." दुसऱ्या दिवशी सुताची लड घेऊन आले. डाव्या हातानं नुसतं दाबून धरायचं, उजव्यानं पीळ द्यायचा. आधी कासरा वळला, मग म्होरकी, मग रंगीत गोंडे. २०२१च्या डिसेंबरात कोर्टानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यापासून आपल्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात घाटाघाटात बैल सजतायत. दादांचे गोंडे आता दोन बाऱ्यांच्या बैलांच्या कपाळावर असतात. मंद असलेला डावा हात पूर्ण बरा झालेला नाही, आणि होईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण यात्रेच्या आधी दादांना फोन येतात, "गोंडं झालं का?" आणि त्या दिवसांत दादांच्या आवाजात जी जरब येते ना, ती पूर्वी कंडक्टर असताना सुट्ट्या पैशांवरून यायची तीच.

आमच्या सूनबाईंनी एकदा विचारलंच. "आई, पाचशे रुपयांत ब्लँकेट घरपोच येतं. तुम्ही महिनाभर बोटं दुखवून घेताय." प्रश्न रास्त आहे. हिशेबानं बघितलं तर गोधडी परवडत नाही. शहरातल्या प्रदर्शनात तीच गोधडी हजारोंना विकतात आणि शिवणाऱ्या बाईच्या हातात त्यातलं किती पडतं कोण जाणे, तोही हिशेब मला पटत नाही. मी सूनबाईंना उत्तर दिलं नाही. उत्तर आलं ते गेटवरून.

पौषातच वॉचमनमामांच्या सुनेला मुलगा झाला. गेटजवळची ती पत्र्याची खोली तुम्ही बघितली आहे. रात्री पत्रा गार पडतो. मामींनी मला विचारलं, "बाई, तुमच्याकडं जुनं मऊ कापड निघंल का, बाळाच्या दुपट्याला?" माझ्यापुढं उसवलेला ढीग होताच. मामंजींचं धोतर, चाळीस-पन्नास वर्षं धुतलेलं, लोण्यासारखं मऊ. चार घड्या घातल्या आणि बसले. एकटीनं आठ दिवस लागले असते, आणि बाळ थंडीत आठ दिवस थांबणार का? सी विंगमधल्या काकींना हाक मारली, त्यांनी शेजारच्या वहिनींना. गच्चीवर ऊन चांगलं येतं म्हणून वर गेलो. चौघींनी चार कडांनी सुरुवात केली, दीड दिवसात दुपटं तयार. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं कुणीतरी काही मागितलं होतं आणि मी ते दिलं होतं. त्या रात्री मला गोळी न घेता झोप लागली. सूनबाईंनी परत ब्लँकेटचा विषय काढला नाही. उलट आता दोरा त्याच आणतात, नारायणगावाहून, चांगल्या पिळाचा.

गच्चीवरून मात्र थोडं रामायण झालं. सोलरचे पाईप आहेत, वॉटरप्रूफिंग केलंय, कुरडया-पापडांना गेल्या वर्षी बंदी घातलीय, मग गोधड्या कशा चालतील, असा मुद्दा निघाला. मुद्दा गैर नव्हता. सेक्रेटरीसाहेबांनी नियम वाचून दाखवले, मग स्वतः वर येऊन बघितलं, अर्धा तास उन्हात बसले, आणि जाताना म्हणाले की आमच्या आईचीही एक फाटलेली आहे. पुढच्या सभेत ठराव झाला. सूचक तेच.

तर ठरावाप्रमाणे सांगते. मार्गशीर्ष ते माघ, सोमवार सोडून रोज दुपारी दोन ते चार, गच्चीचा पूर्वेकडचा भाग. सुया, कात्र्या, दोरे आणि फुग्यांचे तुकडे ऑफिसच्या कपाटात खालच्या खणात, किल्ली वॉचमनमामांकडे. कुणाच्या घरी कुणी ऑपरेशनमधून, तापातून उठत असेल, जिना चढवत नसेल, तर आम्ही काम घेऊन त्यांच्याकडे येऊ. येताना प्रत्येकानं एक जुनं सुती कापड आणावं. नायलॉन नको, त्यात सुई घसरते आणि टाका बसत नाही. सध्या हातात एक मोठी गोधडी आहे, तळमजल्यावरच्या दादांच्या मंडळींसाठी, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तिची उजवी बाजू अजून कुणी धरलेली नाही. चहा माझ्याकडे.